आपल्याले काय कराचं?

हिवाळ्यात असोद्याच्या शिवारात भरीत पार्टी रंगली की कुठलाही विषय वर्ज्य राहत नाही. मळ्यात कापसाच्या काड्यांचा जाळ केलेला, त्यावर वांगी सालं काळी पडेपर्यंत भाजलेली, एकजण ती बडगीत ठेचतोय, दुसरा मिरच्या-लसूण वाटतोय, पलीकडं कळण्याच्या पुऱ्यांचा घाणा चालू आहे. अशात गप्पा कापसाच्या भावावरून निघाल्या, तिथून आमदारांवर आल्या आणि आमदारांवरून मी जनसुरक्षा विधेयकाचं नाव काढलं. नाना आमच्यात वयानं आणि मानानं थोरले. हात झटकत म्हणाले, "ते पुण्या-मुंबईच्या लोकायचं काम हाये. आपल्याले काय कराचं भो? आपुन काय नक्षलवादी हायेत का? कर नाही त्याले डर कशाले?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडात घास होता म्हणून मीही गप्प बसलो. घास तेव्हाच उतरला, राग मात्र अजून उतरलेला नाही.

राग नानांवर नाही. नाना जे बोलले ते गेली दोन वर्षं सभागृहातून, टीव्हीवरून, पानाच्या टपरीवरून इतक्यांदा बोललं गेलंय की ते आता कुणा एकाचं मत राहिलेलं नाही, हवाच तशी झाली आहे. सुशिक्षित माणसं तर नानांपेक्षा सफाईनं बोलतात. त्यांचं म्हणणं असं: कायदा कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे, शेतकऱ्याला किंवा पत्रकाराला हात लागणार नाही, तसं सभागृहातच सांगितलंय. छत्तीसगड, आंध्र, तेलंगण, ओडिशात असे कायदे आहेत आणि तिथं बंदी घातलेल्या संघटना महाराष्ट्रात येऊन बसतात, म्हणून आपल्याकडंही हवा. सल्लागार मंडळ आहे, संयुक्त समितीनं छाननी केली, लोकांच्या सूचना मागवल्या. आणखी काय पाहिजे? आणि मुळात नागरी स्वातंत्र्य वगैरे भरल्या पोटाच्या गोष्टी आहेत, खेड्यातल्या माणसाला वीज, पाणी आणि भाव द्या, तो खूश.

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबतं, त्यामुळं त्याच्याकडं शेवटी येतो. आधी त्या कागदाकडं पाहू, कारण माना डोलावणाऱ्या आठ जणांपैकी तो एकानंही वाचलेला नव्हता.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक पहिल्यांदा 11 जुलै 2024 रोजी विधानसभेत मांडलं गेलं. नवी भारतीय न्याय संहिता, तिच्यातल्या दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारीच्या ताज्या कलमांसह, लागू होऊन तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. तेवढ्यात सरकारला कळून चुकलं की कायदे अपुरे आहेत! ते अधिवेशन संपलं, निवडणूक झाली, डिसेंबरात नागपूरला विधेयक पुन्हा आलं, संयुक्त समितीकडं गेलं, आणि 10 जुलै 2025 रोजी विधानसभेत आवाजी मतदानानं मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेतही. मी त्याला इथं विधेयकच म्हणणार आहे, कारण माझं भांडण त्यातल्या शब्दांशी आहे.

त्या शब्दांत 'संघटना' म्हणजे काय? माणसांचा कोणताही गट. त्याला नाव असो वा नसो, नोंदणी असो वा नसो, घटना असो वा नसो. नाना, म्हणजे आपली भरीत पार्टीसुद्धा. भजनी मंडळ, गणेश मंडळ, केळीच्या पीकविम्यासाठी काढलेला व्हॉट्सॲप ग्रुप, सगळे त्यात बसतात. आता 'बेकायदेशीर कृत्य' म्हणजे काय ते बघा. बोललेला शब्द, लिहिलेला शब्द, खूण, चित्र, यांपैकी कशानंही सार्वजनिक सुव्यवस्थेला, शांततेला धोका झाला तर ते. कायद्याच्या अंमलबजावणीत, त्याच्या संस्थांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणला, किंवा तसा कल दिसला, तरी ते. प्रस्थापित कायदा न पाळण्याला उत्तेजन देणं किंवा तसा उपदेश करणं, तेही तेच. त्याच यादीत बॉम्ब आणि बंदुका आहेत, आणि रस्ता, रेल्वे, हवाई, जलवाहतूक विस्कळीत करणंही आहे. भरताच्या बडगीत सगळी वांगी एकदा ठेचली की कुठलं कुणाच्या वाफ्यातलं ते ओळखता येत नाही. ही व्याख्या त्याच बडगीत तयार झालेली आहे.

शिक्षा? सरकारनं बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेचा सदस्य असाल, तिच्या सभेला गेलात, वर्गणी दिलीत, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. सदस्य नसताना मदत केली किंवा घरात आसरा दिला तर दोन वर्षं. तिच्या वतीनं बेकायदेशीर कृत्य केलंत, करायचा प्रयत्न केलात किंवा नुसता बेत आखलात तर सात वर्षं आणि पाच लाख. सगळे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे खटला उभा राहायच्या आधीच शिक्षा भोगून व्हावी, अशी सोय.

इथं वकिली बुद्धीचा माणूस बोट वर करतो. आधी संघटनेवर बंदी यावी लागेल, मगच माणसावर कारवाई, एकट्यादुकट्याला भीती नाही. खरं आहे. पण बंदी कोण घालणार? सरकार. कशाच्या आधारावर? सरकारच्या मताच्या. ती कशी? राजपत्रातल्या अधिसूचनेनं. ज्याच्या विरोधात तुम्ही मोर्चा काढला, त्यानंच तुमचा मोर्चा बेकायदेशीर आहे का ते ठरवायचं, आणि याला संरक्षण म्हणायचं? असा पंच खान्देशातल्या यात्रेच्या कुस्तीतही कुणी चालवून घेणार नाही.

मग सल्लागार मंडळ दाखवलं जातं. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष, सोबत एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि एक उच्च न्यायालयातले सरकारी वकील. सरकारनं घातलेली बंदी बरोबर की चूक हे तपासायला सरकारचाच वकील! केंद्राच्या यूएपीए कायद्याला कुणी मवाळ म्हणणार नाही, पण त्यातसुद्धा बंदीची तपासणी उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायमूर्ती न्यायाधिकरण म्हणून करतात. आपल्याकडं तेवढंही नको झालं. बरं, सल्लागार मंडळाची ही शक्कल नवी आहे असंही नाही. मद्रास सरकारनं 1950 च्या दुरुस्तीनं नेमकं हेच केलं होतं. सरकारला वाटलं की संघटना बेकायदेशीर, आणि तपासणीला सल्लागार मंडळ. व्ही. जी. रो यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 31 मार्च 1952 रोजी ती तरतूद उडवून लावली. संघटना करण्याचा हक्क इतका मोठा आहे की सरकारच्या मनाला वाटणं आणि त्यावर मंडळाची एकतर्फी नजर, एवढ्यावर तो काढून घेता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पंचाहत्तर वर्षांपूर्वी नापास झालेला पेपर आपण नव्या वहीत उतरवून काढलाय, आणि कौतुक असं की पोरगं किती हुशार!

खालच्या कोर्टात या कारवाईला आव्हान देता येत नाही. म्हणजे असोद्याच्या माणसाला जळगावच्या कोर्टाची पायरी बंद. त्यानं अजिंठ्याचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला खंडपीठात जायचं, तिथला वकील लावायचा, तारखांना खेपा घालायच्या. मुंबईच्या माणसाला उच्च न्यायालय लोकलनं गाठता येतं. सांगा आता, हा कायदा पुण्या-मुंबईच्या लोकांचं काम आहे की आपलं?

छाननीचं म्हणाल तर तीही ऐका. समितीकडं बारा हजारांवर सूचना आणि हरकती आल्या. बदल झाले ठळक असे तीन. सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास फौजदाराऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडं दिला, आणि विधेयकाच्या दीर्घ शीर्षकात कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना किंवा तत्सम संघटना असे शब्द घातले. ही तिसरी दुरुस्ती मोठी सवलत म्हणून मिरवली जाते. 'तत्सम' हा शब्द किती सोज्वळ आहे! खळ्याला चारी बाजूंनी काटेरी कुंपण घातलं आणि 'तत्सम' नावाचं फाटक सताड उघडं ठेवलं. शिवाय दारावरची पाटी बदलली तरी आतली व्याख्या होती तशीच आहे, आणि पोलीस गुन्हा पाटीवरून नोंदवत नाहीत, कलमावरून नोंदवतात.

आणि विरोधी पक्ष? त्यांचं कौतुक कुठं ठेवावं? समितीत त्यांचे मातब्बर नेते बसले होते. विधानसभेत प्रत्यक्ष मंजुरीच्या वेळी मात्र विरोध केला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या एकट्या विनोद निकोले यांनी. जाग दुसऱ्या दिवशी आली, आणि परिषदेत सभात्याग झाला. वरात गावाबाहेर गेल्यावर मांडवात रुसून बसण्याला सभात्याग म्हणतात.

आता त्या मुख्य आश्वासनाकडं येऊ. हा कायदा सामान्य माणसाविरुद्ध वापरला जाणार नाही म्हणे. ठीक. मिसा 1971 साली आला तो देशाच्या सुरक्षेसाठी. चार वर्षांनी आणीबाणीत त्याच मिसाखाली विरोधी पक्षांचे नेते आणि कार्यकर्ते तुरुंगात गेले, त्यांत आजच्या सत्ताधाऱ्यांचे वडीलधारे मोठ्या संख्येनं होते. टाडा 1985 साली आला तो पंजाबातल्या दहशतवाद्यांसाठी. तो पंजाबाबाहेर पसरला, सत्तर हजारांवर लोकांना त्याखाली धरलं गेलं, आणि शिक्षा झाली ती दोनेक टक्क्यांना. पोटा 2002 साली आला. तमिळनाडूचे खासदार वायको यांनी संसदेत त्याला पाठिंबा दिला, आणि त्याच वर्षी जुलैत, एका भाषणाबद्दल, त्याच पोटाखाली ते आत गेले. दीड वर्षाहून जास्त काळ आत राहिले. हात वर करून मत देताना आपलाच हात बेडीच्या मापाचा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. आपल्या सोळा आमदारांच्या तरी आलं का? जळगाव जिल्ह्याचे अकरा आणि धुळ्याचे पाच, विरोध नोंदवणाऱ्यांत यांतलं एकही नाव नाही.

घरचंच उदाहरण हवं तर मालेगाव घ्या. 2006 च्या बॉम्बस्फोटांत नऊ मुसलमान पुरुषांना मकोका लावला. त्यांना जामीन मिळायला पाच वर्षं गेली आणि आरोपमुक्ती मिळायला 2016 साल उजाडलं. त्यांतला एक ते पाहायला जिवंत नव्हता. 2008 च्या स्फोटात हिंदू संघटनांशी संबंधित आरोपींना धरलं, त्यांनाही मकोका लावला, पुढं तो काढावा लागला, आणि 31 जुलै 2025 रोजी सगळे निर्दोष सुटले. सतरा वर्षांनी. यातले कुणाला आपले वाटतात, कुणाला परके, तो ज्याचा त्याचा प्रश्न. स्फोटांत मेलेल्यांच्या घरच्यांना दोन्ही वेळा काय मिळालं? चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही. कडक कायदा असला की पोलिसाला पुरावा शोधायचा कंटाळा करता येतो. विनाजामीन आत ठेवता येतंय तर पायपीट कोण करणार?

छत्तीसगडचा दाखला तर त्यांनीच देऊ नये. तिथला विशेष जनसुरक्षा कायदा 2005 चा. आपला त्याचाच भाऊबंद, नावासकट. त्या कायद्याखाली गाजलेलं नाव कुणा बंदूकधाऱ्याचं नाही, डॉ. विनायक सेन यांचं आहे. हे बालरोगतज्ज्ञ, आदिवासी भागात दवाखाना चालवणारे, पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेचे राष्ट्रीय उपाध्यक्ष. मे 2007 मध्ये अटक झाली, सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला दोन वर्षांनी. पुढं राजद्रोहाखाली जन्मठेप झाली आणि एप्रिल 2011 मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयानंच त्यांना जामिनावर बाहेर काढलं. ही पीयूसीएल कुणी काढली? आणीबाणीत, 1976 साली, जयप्रकाश नारायणांनी. आणीबाणीतल्या बंदीवानांचं मानधन महाराष्ट्र सरकारनं जून 2025 मध्ये दुप्पट केलं, चांगलं केलं. आणि पुढच्याच महिन्यात हे विधेयक मंजूर केलं. तुरुंगात गेलेल्या जुन्यांना पेन्शन आणि नव्यांसाठी जागा, असा हा ताळेबंद.

नक्षलवादी हिंसा खोटी आहे असं कुणी म्हणत नाही. जांभुळखेड्याला 1 मे 2019 रोजी पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक सुरुंगात मेले, हे विसरणारा माणूस माणूस नव्हे. पण सुरुंग पेरणं हा गुन्हा ठरवायला नवा कायदा लागत होता का? माओवादी पक्षावर 2009 पासून केंद्राची बंदी आहे. यूएपीए आहे, मकोका आहे, न्याय संहिता आहे. शिवाय सरकारच सांगत होतं की 31 मार्च 2026 पर्यंत नक्षलवाद संपणार. ऑक्टोबर 2025 मध्ये गडचिरोलीत माओवादी नेता भूपतीनं साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढं शस्त्रं खाली ठेवली. उत्तम झालं. मग रोग बरा होत आला असताना औषधाचा डोस गावभर वाटायचं कारण काय? याचं उत्तर विधेयकाच्या उद्देशातच आहे. नक्षलवाद आता शहरांतल्या आघाडीच्या संघटनांतून पसरतोय, असं तिथं लिहिलंय. म्हणजे निशाणा जंगलातल्या बंदुकीवर नाही, गावातल्या सभेवर आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आणि 'शहरी नक्षल' ही चिठ्ठी कुणाच्या पाठीवर चिकटवतील याचा नेम नाही. 2025 च्या आषाढीआधी चार दिवस विधान परिषदेत आरोप झाला की पंढरीच्या वारीतच शहरी नक्षली शिरलेत. वारीत! मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी जाणारी मुक्ताईची पालखी आमच्या जिल्ह्यातून निघते. त्या वाटेवर कुणी संविधानाच्या दोन गोष्टी सांगितल्या तर माऊली ऐकतात आणि पुढं चालू लागतात. त्यात कटाचा वास येणाऱ्या नाकाच्या हाती असली व्याख्या द्यायची?

तशी सवय जुनीच आहे. ऑगस्ट 2016 मध्ये राज्याच्या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याचा एक मसुदा आला होता. शंभराहून जास्त लोक जमणार असतील तर पोलिसांची परवानगी, अशी त्यात तरतूद होती. खान्देशात शंभर माणसं म्हणजे नवरदेवाच्या नुसती मामाकडची. टीका झाली, सरकार म्हणालं हा तर फक्त मसुदा, आणि गुंडाळून ठेवला. तेव्हा 'आपल्याले काय कराचं' म्हणून सगळे बसले असते तर आज हळदीच्या पंगतीलाही ठाण्यातून चिठ्ठी आणावी लागली असती.

आता ते शेवटचं वाक्य. नागरी स्वातंत्र्य भरल्या पोटाचं म्हणे. उलट आहे, नाना. भरल्या पोटाच्या माणसाला स्वातंत्र्याची गरज कमी लागते. त्याचा फोन मंत्रालयात लागतो. कापसाला भाव नाही, विम्याचे पैसे अडलेत, ट्रान्सफॉर्मर जळून पंधरा दिवस झालेत, अशा माणसाकडं काय असतं? तोंड आणि रस्ता. तो ओरडतो, आणि ओरडून झालं नाही तर रस्त्यावर बसतो. कलेक्टर कचेरीपुढं केळीचे घड ओततो. इंजिनिअरला खुर्चीतून उठू देत नाही. ही व्याख्या त्याच दोन गोष्टींवर नजर ठेवून आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं आयुष्यभर काय केलं? रास्ता रोको, रेल रोको, कर्ज भरू नका, वीजबिल भरू नका. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेलं कपाशीचं बियाणं जाहीर सभा घेऊन पेरलं, कायदा मोडतोय असं सांगून पेरलं. प्रस्थापित कायदा न पाळण्याचा उपदेश याहून उघड कसा करतात? आणि ही मंडळी डावी तर नव्हेतच, खुल्या बाजाराची कट्टर पुरस्कर्ती. 'तत्सम' मध्ये बसवायचं ठरवलं तर बसतील. न बसवायचं ठरवलं तर नाही बसणार. सगळं ठरवणाऱ्याच्या मर्जीवर, आणि मर्जीवर चालतं ते राज्य कायद्याचं कसं?

खान्देशाला हे सगळं परकं वाटावं, याचं मला नवल वाटतं. नंदुरबारला 9 सप्टेंबर 1942 रोजी शिरीषकुमार आणि त्याच्यासोबतची चार पोरं झेंडा घेऊन मिरवणुकीत गोळ्यांना सामोरी गेली, ती सार्वजनिक सुव्यवस्था राखण्यासाठीच झाडलेल्या गोळ्यांना. 1936 साली नेहरूंच्या पुढाकारानं मुंबईत देशातली पहिली नागरी स्वातंत्र्य संघटना उभी राहिली, आणि त्याच डिसेंबरात तेच नेहरू अध्यक्ष म्हणून आपल्या फैजपूरला आले, खेड्यात भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाला. बैलगाडीतून आलेल्या शेतकऱ्यांपुढं बोलायला त्यांना हा विषय भरल्या पोटाचा वाटला नाही. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा गीतेवर बोलत गेले आणि साने गुरुजी उतरवून घेत गेले. दोघेही सरकारच्या लेखी सुव्यवस्था बिघडवणारे कैदी होते. आणि याच असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाईंना तर अक्षरओळख नव्हती. त्या बोलत गेल्या, लेकानं टिपून घेतलं, म्हणून 1952 साली ते पुस्तक निघालं आणि आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. एकानं बोलावं आणि दुसऱ्यानं लिहून घ्यावं, एवढ्यावर खान्देशाची दोन मोठी पुस्तकं उभी आहेत. बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द. विधेयकाच्या व्याख्येची सुरुवात याच दोन गोष्टींनी होते.

आणखी एक आठवण करून देतो. 8 एप्रिल 1929 रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या सभागृहात बॉम्ब टाकला, हे शाळेतलं पोरगंही सांगतं. पण त्या दिवशी सभागृहापुढं होतं काय? दोन विधेयकं, त्यांतलं एक पब्लिक सेफ्टी बिल. मराठीत म्हणायचं तर जनसुरक्षा विधेयक. तेही कम्युनिस्टांचा बंदोबस्त करायला आणलं होतं, आणि सामान्य हिंदी माणसाला त्याचा त्रास नाही असंच सांगितलं जात होतं. अध्यक्ष विठ्ठलभाई पटेलांनी ते पुढं जाऊ दिलं नाही, तेव्हा व्हाइसरॉयला वटहुकूम काढावा लागला. इंग्रजांच्या सभागृहात एक अध्यक्ष असा निघाला. आमच्याकडं आवाजी मतदान झालं, आणि एकट्या निकोलेंखेरीज आवाज कुणाचा फुटला नाही.

म्हणून स्पष्टच सांगतो. हे विधेयक मागं घ्यायला हवं. त्यात आणखी दुरुस्ती करून, मंडळात आणखी एक निवृत्त न्यायाधीश बसवून ते सुधारणार नाही, कारण त्याचं दुखणं व्याख्येत आहे, आणि ती व्याख्या मुद्दाम इतकी सैल शिवलेली आहे की कुणाच्याही अंगात बसावी. गुन्हा हातांनी होतो, त्यासाठी कायदे आहेत. तोंडानं होणारा गुन्हा सरकारनं आपल्या मर्जीनं ठरवायचा, हे मला मान्य नाही. सरकार कुणाचंही असो. आज ज्यांना हे शस्त्र आपलं वाटतंय, त्यांची सत्ता गेल्यावर ते दुसऱ्याच्या हातात जाणारच आहे.

नाना, तुम्ही म्हणालात, कर नाही त्याला डर कशाला. भुसावळ आपल्यापासून वीसेक किलोमीटर. तिथं नोंदवलेल्या एका गुन्ह्यात मे 1994 मध्ये काही जणांना टाडाखाली धरलं. आरोप असा की संघटना काढली आणि घातपाताचा कट रचला. नाशिकच्या विशेष न्यायालयानं त्यांतल्या अकरा जणांना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं ते फेब्रुवारी 2019 मध्ये. पंचवीस वर्षं कर नव्हता, डर होता. ज्या टाडाखाली त्यांना धरलं, त्याची मुदत मे 1995 मध्येच संपली होती.